राज्याचा रकाना

बेळगावातल्या अनगोळच्या नागेंद्रला एका जागी बसता येत नाही, हे सगळ्या अनगोळाला ठाऊक आहे. बारशाला त्याचा पाळणा कुणी हलवलाच नाही, तो आपला आपणच हलत होता, असं त्याची आई रुक्माबाई सांगते. आणि रुक्माबाई सहसा निम्मंच खोटं बोलते. टिळकवाडीतल्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत तो कामाला आहे, तिथं पाच वर्षांत त्याच्या खुर्चीची चाकं चार वेळा झिजली. पाचव्या वेळी मालकानं चाकं काढूनच टाकली, तर हा पठ्ठ्या खुर्चीसकट सरकत सरकत संध्याकाळपर्यंत पाण्याच्या कूलरपाशी पोचला होता.

असल्या माणसाच्या नशिबी काम कसलं यावं, तर पत्त्यांचं. जगातला कोण माणूस नेमका कुठं बसलाय, ते ठरवून देण्याचं.

डब्लिनच्या एका कुरिअर कंपनीनं हे काम बेळगावात दिलं होतं. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणी पाकीट पाठवलं, की त्यावरचा पत्ता एका फॉर्ममध्ये भरायचा. पुढं नागेंद्रच्या प्रोग्रॅमनं त्या पत्त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा आपापल्या रकान्यात ठेवायचा. घर इथं, रस्ता इथं, गाव इथं, पिनकोड इथं. एकदा सगळं रकान्यात बसलं की माणसाला काही वाचायला लागत नाही. मशीन वाचतं, मशीन ढकलतं, पाकीट जातं.

ऐकायला सोपं आहे. पण जपानी माणूस पत्ता उलटा लिहितो, आधी मुलूख आणि शेवटी घर, आणि घराचे नंबर म्हणाल तर ओळीनं नसतात, जे घर आधी बांधलं त्याचा नंबर आधी. दुबईत पिनकोडच नाही. खुद्द आयर्लंडात, जिथून हे काम आलं, तिथल्या खेड्यात दहा-दहा घरांचा पत्ता शब्दाला शब्द सारखाच असतो, आणि कोण कुठल्या घरात ते पोस्टमनच्या डोक्यात. नागेंद्रनं हे सगळे पत्ते आठ महिने चघळले. चालता चालता चघळले, कारण बसून त्याला काही सुचत नाही. त्या आठ महिन्यांत ऑफिसातून अनगोळ नाक्यापर्यंत येऊन-जाऊन त्याच्या चपलांचे सहा जोड संपले, आणि मग अकरा रकाने तयार झाले. अकरा रकान्यांत सगळं जग बसलं.

बसलं, असं त्याला वाटलं.

समोरच्या टेबलावर लतिका बसायची. नागेंद्रनं लिहायचं आणि लतिकानं त्यात खोट काढायची, अशी कामाची वाटणी होती. लतिकाचे वडील वकील, त्यामुळे खोट काढणं तिला शिकावं लागलं नव्हतं.

"हा राज्याचा रकाना भारतासाठी कंपलसरी का केलास?" तिनं एक दिवस विचारलं.

"मग काय करू?"

"रिकामा सोडायची मुभा ठेव."

"भारतात राज्य नसलेला माणूस असतो का, लतिका? समुद्रात राहतो काय कोण?"

"आणि सोडलाच कुणी रिकामा, तर?"

"तर पिनकोडवरून माझा प्रोग्रॅम भरेल. पाचशे एक्क्याण्णवनं सुरू झाला तर कर्नाटक. चारशे सोळानं सुरू झाला तर महाराष्ट्र. डोकं लागत नाही."

"आणि पिन एकीकडचा, तालुका दुसरीकडचा असला तर?"

नागेंद्र तोवर खिडकीपाशी पोचला होता. तिथूनच म्हणाला, "तर गोदामानं समजायचं की पाकीट चुकून आपल्याकडं आलंय. दुसरीकडं ढकलायचं. तीन फेऱ्या झाल्या तरी जुळलं नाही, तर पत्ता खोटा. पाठवणाऱ्याकडं परत. सरळ आहे."

"सरळ आहे," लतिका म्हणाली, आणि वहीत तिनं काहीतरी लिहून ठेवलं. लतिका वहीत लिहायला लागली की नागेंद्रच्या पायांना मुंग्या यायच्या. पण प्रोग्रॅम डब्लिनला गेला, तिकडच्या साहेबानं खुशीचा मेल पाठवला, आणि जगातली पाकिटं नागेंद्रच्या हुकमावर पळायला लागली.

आता पाणंदवाडी. बोरगावच्या पुढं, उसातून जाणाऱ्या एका पाणंदीच्या टोकाला ही तीस घरांची वाडी. वाडीच्या कडेनं ओढा. ओढ्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. उन्हाळ्यात ओढा आटला की म्हशी दिवसातनं चार वेळा राज्य बदलतात आणि दुधाला काही फरक पडत नाही. नागेंद्रचा मामा, यल्लाप्पा मगदूम, या वाडीत राहतो.

या वाडीतल्या माणसाला पत्ता लिहायची एक रीत आहे, आणि ती रीत दुसरीकडं कुठं सापडायची नाही. अलीकडच्या पोस्टात जायचं तर रस्ता पाच किलोमीटर वळसा घालून जातो. पलीकडचं पोस्ट ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, ओलांडली की हाकेवर. म्हणून वाडीची टपालं पूर्वापार पलीकडच्या पोस्टात येतात. तिथला मष्णू पोस्टमन ती फरशीवर आणून देतो आणि एक चहा पिऊन परत जातो. त्यामुळे वाडीचा पत्ता असा: गाव-तालुका-जिल्हा अलीकडचा, म्हणजे खरा. पिनकोड पलीकडचा, म्हणजे सोयीचा. आणि राज्य लिहायचंच नाही. यल्लाप्पामामाला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "कर्नाटक लिवायला हात वळत न्हाय. महाराष्ट्र लिवलं तर रेशनवाला म्हणतोय, मग तांदूळ बी तिकडनंच आणा. त्यापरास तेवढी जागा मोकळी बरी." चाळीस वर्षं ती जागा मोकळी राहिली आणि चाळीस वर्षांत एक कार्ड चुकलं नाही. एकदा म्हणे मुंबईहून कुणीतरी नुसतं 'यल्लाप्पा, म्हशीनं लाथ मारलेला' एवढंच लिहिलं होतं, तेही तिसऱ्या दिवशी पोचलं.

मामाची धाकटी, दिपाली, बेळगावात नर्सचं शिकली आणि तिला आयर्लंडातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. तिकडच्या नर्सिंग मंडळाचं मूळ पत्र, निळ्या शिक्क्याचं, घेऊन तिला सोमवारी सकाळी बेंगळूरच्या व्हिसा ऑफिसात हजर राहायचं होतं. झेरॉक्स चालत नव्हती. मोबाइलवरचा फोटो चालत नव्हता. सोमवार हुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि हॉस्पिटल महिनाअखेरपर्यंतच थांबणार होतं. ते पत्र हॉस्पिटलानं कुरिअरनं पाठवलं. पत्ता दिपालीनं वडलांना विचारून, वडलांनी सांगितला तसा, अक्षर न् अक्षर कळवला होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता तिचा फोन आला तेव्हा नागेंद्र दात घासत अंगणात फिरत होता.

"अण्णा, तू पत्त्याचंच काम करतोस न्हवं?"

"व्हय. का गं?"

"एक पाकीट किती डाव कोल्हापूरला जातंय अन् परत येतंय?"

नागेंद्रच्या तोंडातला ब्रश थांबला. पाय थांबले नाहीत. "म्हणजे?"

"सोमवारी कोल्हापूर. मंगळवारी बेळगाव. बुधवारी कोल्हापूर. बेस्तरवारी बेळगाव. काल पुन्ना कोल्हापूर, अन् रात्री पुन्ना बेळगाव. दर डावाला निपाणीवरनं जातंय. आप्पा काल हायवेला जाऊन उभे राहिलते, म्हणले, जाताना दिसलं तर हात तरी करतो."

"कुरिअरवाल्याचा फोन न्हाय आला?"

"फोन शेवटचा माणूस करतोय म्हणं. तेच्यापातूर ते पोचंना. मी केला तर बाई म्हणतीया तुमचं पाकीट प्रवासात आहे. आता मोबाइलवर नवीनच काहीतरी आलंय, अण्णा." तिचा आवाज जरा बारीक झाला. "लिवलंय, पत्ता खोटा. पाठवणाऱ्याकडं परत."

नागेंद्रनं चूळ भरली. पाणी गिळलं का थुंकलं हे त्याला आजतागायत आठवत नाही. पत्ता खोटा. हे दोन शब्द त्यानं स्वतः टाइप केले होते, मार्च महिन्यात, अनगोळ नाक्यावर गोळी सोडा पिता पिता.

त्यानं लॅपटॉप उघडला, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि कट्ट्याभोवती फिरत फिरत वाचला. सगळं त्यात होतं. राज्य रिकामं, म्हणून पिनवरून महाराष्ट्र. तालुका निपाणी, महाराष्ट्रात नाही. जुळत नाही, ढकल. इकडून तिकडं, तिकडून इकडं. एका चुकीच्या मशीननं हे केलं असतं तर त्यानं मशीनला शिव्या दिल्या असत्या. पण दोन्ही मशीनं बरोबर वागत होती. त्यानं शिकवलं होतं तशीच.

"दिपाली, तू अन् मामा निपाणीला या," त्यानं फोन करून सांगितलं. "कुरिअरचं दुकान हाय न्हवं स्टँडच्या मागं, तिथं थांबा. दोनला बंद होतंय ते."

"मिळंल का?"

"या तर."

बेळगावच्या गोदामात तो पोचला तेव्हा कोल्हापूरची गाडी सुटून पंधरा मिनिटं झाली होती. गोदामातल्या कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, की पाकीट त्याच गाडीत आहे, कोल्हापुरातून संध्याकाळी मुंबई आणि उद्या विमान. "ड्रायव्हर महादेव. तवंदी घाटाखाली चहाला थांबतोय. वीस मिन्टं. त्यात एकोणीस न्हाय की एकवीस न्हाय."

नागेंद्रनं लॅपटॉपची पिशवी पाठीला लावली आणि मोटारसायकल हायवेला घातली. ती कशी पळाली ते सांगून उपयोग नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. संकेश्वरच्या अलीकडं त्यानं एका लग्नाच्या गाडीला मागं टाकलं, त्या गाडीतला नवरा म्हणे अजून सांगतो की वाऱ्यानं आपला फेटा सोडून नेला तो त्या मोटारसायकलनंच. नागेंद्रच्या डोक्यात मात्र फेटा नव्हता, वारा नव्हता. एकच हिशेब चालू होता. गाडी सापडेल. ड्रायव्हर पाकीट देईल का? नाही देणार. का नाही देणार? कारण पाकीट बाहेर पडताना मशीननं हो म्हणावं लागतं. मशीन हो का म्हणणार नाही? कारण मीच तसं लिहिलंय.

घाटाखालच्या हॉटेलापुढं लाल ट्रक उभा होता. महादेव, चाळिशीचा, कागलकडचा गडी, कांदाभजीची प्लेट मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला होता. नागेंद्रनं धापा टाकत सगळं सांगितलं. महादेवनं शांतपणे ऐकलं, खिशातनं हातात मावणारं मशीन काढलं, ट्रकमध्ये चढून पाकीट शोधलं आणि त्यावरच्या पट्ट्यांवर मशीन धरलं. मशीन दोनदा कर्कश वाजलं.

"बघा," तो म्हणाला. "लाल. पत्ता खोटा. मशीन सोडंना, तर मी कसं सोडू? तसंच दिलं तर उद्या माझ्या हातात भजी बी न्हायत अन् ट्रक बी न्हाय."

"पत्ता खरा हाय ओ. माझ्या सख्ख्या मामाचा हाय."

"मला पटलं की. मला पटून काय उपेग. ह्येला पटवा." त्यानं मशीन नागेंद्रपुढं धरलं. "कुठल्या शान्यानं बनवलंय कुणास ठाऊक. सोमवारपासनं हेच पाकीट मी न्हेतोय अन् आणतोय. आता तर ते मला वळखाय लागलंय."

नागेंद्रनं घड्याळात बघितलं. बारा मिनिटं उरली होती.

प्रोग्रॅम बदलायचा तर एक अडचण होती. नागेंद्रनं लिहिलेलं लतिकानं तपासून हो म्हटल्याशिवाय डब्लिनच्या सर्व्हरवर चढत नाही. लतिका त्या दिवशी खानापूरला आत्याच्या वास्तुशांतीला गेलेली. फोन लागला तेव्हा मागं भटजींचा आवाज आणि घंटेचा आवाज येत होता.

"बोल," ती म्हणाली. "हळू बोल, इथं होम चाललाय."

त्यानं सांगितलं.

"भारतात राज्य नसलेला माणूस असतो का, हे कोण म्हणालं होतं?"

"मी."

"ऐकू आलं नाही."

"मी म्हटलं होतं, लतिका. आता काढून टाकतोय ते. राज्य रिकामं असलं तर रिकामंच राहील. पिन आणि तालुका जुळला नाही तर ढकलायचं नाही, मूळ पत्ता माणसाला दाखवायचा. पण मूळ पत्ता आपण साठवतच नाही, मी तोडून टाकतो. तिथंच अडलंय."

"साठवतो," लतिका म्हणाली. "मी एप्रिलमध्ये डब्लिनवाल्यांना वेगळा ठेवायला लावला. लोकांनी लिहिला तसा. तुला सांगितलं नाही, तू बाराव्या रकान्यावरून भांडला असतास."

नागेंद्रला हसू आलं का रडू, हे सांगणं अवघड आहे. घाटाखाली रेंज धड नव्हती, म्हणून तो लॅपटॉप तळहातावर ताटासारखा धरून ट्रकभोवती फिरत होता आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होता. हॉटेलवाल्याला वाटलं, वाढपी पळाला.

"सायेब, बसा की वाईच," महादेव म्हणाला. "गाडी माझी हाय अन् फिरताय तुमी."

बदल लिहून झाला. आठ ओळी गेल्या, तीन आल्या. "पाठवलं," नागेंद्र म्हणाला. "हो म्हण."

"थांब. इथं कारण लिहायची जागा आहे. तू लिहिलंयस 'किरकोळ दुरुस्ती'."

"मग?"

"किरकोळ आहे का?"

"लतिका, सहा मिनिटं राहिलीत."

"म्हणून तर सांगते, लवकर लिही. हे सोमवारी डब्लिनमधला प्रत्येक जण वाचणार. पाणंदवाडीसारखी आणखी गावं असतील. त्यांना किरकोळ वाटलं तर आठवड्यानं कोणीतरी जुना नियम परत टाकील."

नागेंद्र थांबला. ट्रकच्या मागच्या चाकापाशी, चक्क उभा राहिला. त्याच्या मनात येऊन गेलं, की डब्लिनच्या साहेबाचा तो खुशीचा मेल त्यानं आईला छापून दाखवला होता आणि आईनं तो देव्हाऱ्यामागं ठेवला होता. आठ महिने. सहा जोड चपला. मग त्यानं टाइप केलं: नियम माझा होता. नियम चुकला. पत्ता बरोबर होता.

"वाचलं," लतिका म्हणाली. "हो म्हटलं. आता मला नारळ फोडायला बोलवतायत."

हो म्हटल्यावर लगेच काही होत नसतं. डब्लिनचा सर्व्हर आपल्या गतीनं उठतो, जुनं उतरवतो, नवं चढवतो. लॅपटॉपवर एक हिरवी रेघ सरकत होती. पाव झाली. निम्मी झाली. महादेवनं भजीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात धुतला, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा रुमालाला पुसला, आणि ट्रकमध्ये चढून चावी फिरवली.

"दोन मिन्टं," नागेंद्र म्हणाला.

"कोल्हापुरात माझ्यावर घड्याळं लावत्यात ओ."

"एक."

इंजिन सुरू झालं. रेघ पाऊणवर थांबली. ती अशी थांबली की घाटातला वारासुद्धा थांबला, आणि समोरच्या कठड्यावर एक कावळा पंख अर्धे पसरून तसाच राहिला. नागेंद्र ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा. महादेवनं गिअर टाकला, ट्रक हातभर पुढं सरकला, नागेंद्र त्याच्याबरोबर सरकला. रेघ पूर्ण झाली.

"आता मारा बघू."

महादेवनं त्याच्याकडं बघितलं, इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरला, मागं गेला. नागेंद्र त्याच्या मागं. मशीन पाकिटावर धरलं. मशीन एकदाच वाजलं, आणि मऊ वाजलं.

पडद्यावर रकाने नव्हते. सलग एक पत्ता होता, जसा लिहिला तसा. महादेवनं ओठ हलवत वाचला. दिपाली यल्लाप्पा मगदूम, पाणंदवाडी, बोरगावच्या पुढं, ता. निपाणी, जि. बेळगाव. टपाल ओढ्यापलीकडून मष्णू पोस्टमनकडं. खाली पलीकडचा पिन.

"आगं बाबौ," तो म्हणाला. "हे तर मष्णूतात्याच्या फरशीजवळ. माझ्या थोरल्या भनीचं सासर पलीकडच्याच गावात हाय. पैल्या दिशीच हे वाचाय दिलं असतं, तर मी जाताजाता टाकलं असतं की." त्यानं मशीनवर काहीतरी दाबलं. "निपाणीत उतरवा म्हणतंय. चला."

निपाणीच्या स्टँडमागच्या कुरिअर दुकानात त्यांना पोचायला सव्वाबारा झाले. बाहेरच्या पायरीवर यल्लाप्पामामा इस्त्रीच्या शर्टात, टोपी घालून, पोलिसात जबानी द्यायला आल्यासारखा ताठ बसला होता. दिपाली उभी होती. महादेवनं पाकीट काउंटरवर दिलं, दुकानदारानं दिपालीचं आधार कार्ड बघितलं, तिची सही घेतली. दिपालीनं पाकीट तिथंच फाडलं. आत निळ्या शिक्क्याचा कागद होता. तिनं तो दोनदा वाचला, मग ओढणीखाली धरला, जणू निपाणीच्या उन्हानं त्यावरचा शिक्का उडाला असता.

"उद्या दुपारची बेंगळूरची गाडी हाय बेळगावातनं," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी तिथं असते मी."

महादेव निघाला. जाताना दिपालीला म्हणाला, "ताई, तिकडं पोचल्यावर त्या मशीनवाल्या शान्याला म्हणावं, लई हिंडवलंस." मग ट्रक गेला.

मामा अजून पायरीवरच होता. त्याला पत्राचं कळलं होतं, डोळे ओले होऊन पुसूनही झाले होते. पण त्याच्या घशाखाली एक गोष्ट उतरत नव्हती.

"नागू, एक सांग. तेच्यावर लिवलं हुतं न्हवं, पत्ता खोटा."

"व्हय, मामा."

"चाळीस वर्सं मी हाय तिथंच हाय. माजा बा तिथंच मेला. मला खोटा कोण म्हणला?"

कंपनीचं नाव सांगता आलं असतं. मशीनचं सांगता आलं असतं, मामानं ते मानलंही असतं. नागेंद्र रस्त्याकडं बघत दोन पावलं तिकडं गेला, दोन पावलं परत आला.

"मी म्हटलं, मामा. तो नियम मी लिहिलेला."

दिपाली त्याच्याकडं बघत राहिली. मामानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"तू? ओढ्यात पवाय शिकलास तू. आयनं उनाळ्यात आणून सोडलं की दोन म्हैनं हलायचा न्हाईस तिथनं."

"व्हय."

"मग तुला ठावं न्हवतं व्हय, आमी कसं लिवतो ते?"

"ठावं होतं. ऑफिसात बसल्यावर आठवलं न्हाय."

मामानं त्याच्या हलत्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "बसतोस तरी कुठं तू."

दिपालीला हसू फुटलं. तेवढ्यात नागेंद्रचा फोन वाजला. लतिका होती. होम आटोपला होता, ती जेवायला बसली होती आणि जेवता जेवता तिनं सर्व्हर उघडला होता.

"ऐक. खोटा पत्ता म्हणून शिक्का बसलेली आणखी किती पाकिटं आहेत, ते बघितलं मी. परतीच्या वाटेवर असलेली."

"किती?"

"चार हजार दोनशे अठरा. सगळ्या देशांतली. नियम काढला तरी आधीचे शिक्के आपोआप पुसले जात नाहीत. कुणीतरी एकेक उघडून मूळ पत्ता वाचायचा आणि ठरवायचं."

"कुणी?"

पलीकडं नुसता भाताचा घास ऐकू आला.

नागेंद्रनं लॅपटॉप उघडला आणि दुकानापुढच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालायला लागला. पहिली यादी उघडली. त्यात दुष्काळी मुलखातली, डोंगरातली, बेटावरची, दोन देशांच्या कुंपणावरची माणसं होती. कुणी लिहिलं होतं, निळं दार, चर्चच्या मागं. कुणी लिहिलं होतं, बोटवाल्याला विचारा. कुणाला देशच कुठला लिहावा हे कळलं नव्हतं आणि त्यानं ती जागा सोडून दिली होती. प्रत्येकाच्या खाली तांबड्या अक्षरात तेच दोन शब्द.

"काय वाचतोस रं?" मामानं विचारलं.

"खोटे पत्ते."

"मोठ्यानं वाच."

नागेंद्रनं पहिला वाचला. "कोस्टारिका म्हणून एक देश हाय, मामा. तिथला हाय. लिवलंय, जुन्या उंबरासारख्या झाडापासनं दोनशे मीटर दक्षिणेला. अन् खाली कंसात लिवलंय, झाड आता न्हाय."

"मग?" मामा म्हणाला. "तेला काय झालं? झाड पडलं म्हणून माणूस कुठं जातोय? गावातल्या कुणालाबी ठावं असणार, झाड कुठं हुतं."

"हो म्हणू?"

"म्हण की."

नागेंद्रनं बटण दाबलं. तांबडं पुसलं गेलं. दिपाली पत्र छातीशी धरून मामाशेजारी पायरीवर टेकली, आणि समोरच्या रसवंतीवाल्याला तिनं बोटानं तीन ग्लास दाखवले.

"चार हजार दोनशे सतरा राहिले, अण्णा," पडद्यावरचा आकडा वाचत ती म्हणाली. "पुढचा वाच. मला चारच्या यष्टीनं बेळगावला जायचंय."